पाखाडीची वहिवाट

कोकणात वाटेला जितकी नावे आहेत, तितकी बँकेत कर्जालाही नसतील. दोन कुंपणांमधून जाते ती पाणंद, डोंगर चढते ती घाटी, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांनी उतरते ती पाखाडी. पऱ्यावरून पलीकडे नेतो तो साकव, आणि जिथे जमीन संपून खाडी लागते तिथे तर. या सगळ्या वाटा पायांसाठी केलेल्या. फार तर डोक्यावर भारा घेतलेल्या पायांसाठी. त्यांवरून कोणी हौसेने सायकल चालवील, हे त्या करणाऱ्यांच्या स्वप्नातही आले नसेल.

१९८६ साली मी संगमेश्वर तालुक्यात, शास्त्री नदीच्या काठच्या एका शाखेत अधिकारी होतो. एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून दिलेल्या म्हशी जागेवर आहेत की नाहीत, हे पाहत वाडीवाडी हिंडणे हे माझे काम. शाखेची एक काळी सायकल होती. मैलभर ती मला वाहून नेई आणि पुढचा मैलभर मी तिला. पाखाडी आली की सायकल खांद्यावर. तरीत ती चढवली की होडीवाला तिचे अर्धे तिकीट लावी आणि ‘साहेब, हिला पण कर्ज हवं काय?’ असे विचारून इतर उतारूंना हसवी.

आता त्याच वाटांवर पुण्या-मुंबईची मुले डोंगरी सायकली घेऊन येऊ लागली आहेत. माझा पुतण्या त्यांतलाच. जाड खाचांची चाके, पुढच्या दांड्यात धक्के गिळणारी स्प्रिंग, थाळीचे ब्रेक. एका सायकलची किंमत ऐकल्यावर मी सवयीने मनातल्या मनात म्हशी मोजल्या. गेल्या डिसेंबरात त्यांच्याबरोबर सड्यापासून खाडीपर्यंत गेलो. काही सायकलवर, बरेचसे पायी.

या खेळाचा जन्म अमेरिकेतला, तोही किनाऱ्याजवळच्याच डोंगरांत. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन नावाचा परगणा आहे. तिथल्या रेडवूडच्या रानांतून आणि ओढ्यांच्या काठाने काही तरुण १९७० नंतरच्या दशकात भंगारातल्या जुन्या, जाड टायरांच्या सायकली उतारावर पिटाळू लागले. १९७६ साली त्यांनी फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर शर्यत लावली. दोन मैलांत सुमारे १३०० फूट उतार. उलटे पायडल मारून लागणाऱ्या त्या जुन्या ब्रेकांतले वंगण खाली पोहोचेपर्यंत जळून धूर व्हायचे आणि ते पुन्हा भरावे लागायचे, म्हणून उताराचे नावच ‘रीपॅक’ पडले. १९८१ साली अशा सायकली कारखान्यात बनून दुकानात आल्या आणि लवकरच भांडणेही सुरू झाली. पायी फिरणारे आणि घोडेस्वार एका बाजूला, सायकलवाले दुसऱ्या. त्या डोंगरांवर पाणलोट राखणाऱ्या संस्थेने अरुंद पायवाटांवर सायकलींना मनाई केली आणि रुंद रस्त्यांवर वेगाला ताशी १५ मैलांची मर्यादा घातली. तिथली जमीन सार्वजनिक, त्यामुळे भांडायला समोर एक कार्यालय तरी होते.

आपल्याकडे तेही नाही. रत्नागिरी जिल्ह्यात सरकारी वन अगदी थोडे. जे जंगल दिसते ते बहुतेक खासगी मालकीचे. आईन, किंजळ, कुंभा यांच्या सावलीतून उतरणारी वाट कुणाच्या तरी सातबाऱ्यातून जाते. जुनी वाट पुष्कळदा कागदावर नसतेच. ती असते वहिवाटीत, म्हणजे लोकांच्या पायांत. पाय थांबले की दोन पावसाळ्यांत तिच्यावर करवंदी चढते आणि तिसऱ्या वर्षी तिथे वाट होती असे सांगणारा म्हाताराच काय तो उरतो.

आम्ही उतरलो त्या पाखाडीला एक फाटा होता. मी त्या फाट्याने शेकडो वेळा गेलो असेन. आता तिथे आठ फुटी चिरेबंदी भिंत आहे. मुंबईच्या एका गृहस्थांनी बागेसाठी जमीन घेतली आणि कुंपण घातले. शेतीकडे जाणारी वहिवाटीची वाट कोणी अडवली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदाराकडे दावा लावून ती मोकळी करून घेता येते. पण तो अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत लावावा लागतो. वाडीतली कर्ती माणसे मुंबईला. ती गणपतीला आली तेव्हा मुदत उलटून गेलेली. पोरे आता डांबरी रस्त्याने वळसा घालून शाळेत जातात. बँकेत मुदतबाह्य दस्तांचे गठ्ठे मी पुष्कळ पाहिले, पण मुदतबाह्य झालेली पायवाट ही पहिलीच.

म्हणून मला ही सायकलवाली मुले बरी वाटतात. वाट चालती ठेवायला कोणाचे तरी पाय हवेत, नाहीतर चाके. पण बरी वाटतात म्हणजे सगळेच बरे असे नाही. ओल्या जांभ्यावर शेवाळ असते. उतारावर कच्चा गडी घाबरून मागचा ब्रेक करकचून दाबतो, चाक फिरायचे थांबून घासत जाते आणि मातीत चर पडतो. इथे वर्षाला ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस. त्या चरातून पाणी धावते, चराचा ओहळ होतो आणि वाट खाली नदीत जाते. पाखाडी बांधणाऱ्यांना हे पाणी ठाऊक होते. कडेला त्यांनी पाट काढलेले आहेत. चिरा निखळला तर दरवर्षी मेमध्ये वाडी मिळून तो बसवी. पुतण्याच्या टोळीतली जाणती मुले वजन मागे टाकून दोन्ही ब्रेक हलक्या हाताने धरतात आणि पावसाळ्यात या वाटांवर येतच नाहीत. सगळेच असे नसतात. या वाटांवर शर्यती लावायचा विचार कोणाच्या मनात असेल, तर माझा त्याला विरोध आहे. समोरून लाकडाचा भारा घेऊन बाई येत असते, तिला मान वर करता येत नाही आणि सायकलचा आवाज येत नाही.

सड्याची गोष्ट आणखी नाजूक. रत्नागिरी-राजापूरकडच्या कातळावर पुरातन माणसाने कोरलेली चित्रे आहेत. कशेळीच्या सड्यावर तर भल्यामोठ्या हत्तीच्या आकृतीत इतर प्राणी कोरलेले आहेत. २०२२ साली कोकणातली ही कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. उघडा सपाट कातळ म्हणजे सायकलवाल्याला मैदान वाटते. त्याला खालचे चित्र दिसायला ऊन तिरपे असावे लागते.

देवराईच्या बेड्याशी मुले उतरली, चपला-बूट काढून सायकली हातात धरून पलीकडे गेली. कोणी सांगितले नव्हते. पुढे नदीकाठची सपाट वाट, सुपारीच्या बागा, मग खारा वास आणि कांदळ. संगमेश्वर एके काळचे बंदर. खाडी गाळाने भरत गेली तशी गलबते खाली खाली थांबू लागली. तरही आता नाही, पूल झाला आहे. पुलाखाली जुन्या धक्क्याचे चार चिरे तेवढे दिसतात.

तिथेच एका आजोबांनी आम्हाला हटकले. कुठून आलात, कोणत्या वाटेने आलात, अशी नीट उलटतपासणी झाली. पाखाडीने आलो म्हटल्यावर त्यांना पटेना. त्यांच्या समजुतीने ती कधीच बुजली होती. वळणावरचा आडवा पडलेला आईन, फुटका साकव, सगळे विचारून त्यांनी खात्री करून घेतली. मग पुतण्याला म्हणाले, ‘मे महिन्यात या. आईन बाजूला करायचा तर सात-आठ जण लागतील. कोयते मी देतो.’

पुतण्याने तारीख विचारली. आजोबा म्हणाले, अक्षय्य तृतीयेनंतरचा रविवार.