जुनी गाडी घेताना : कागद वाचा, मगच भाव बोला

फंडाचे पैसे हातात आले, मुलगा कामाला लागला किंवा भिशीची मोठी रक्कम मिळाली की घरात गाडीचा विषय निघतो. म्हाताऱ्या आईला दवाखान्यात न्यायचे असते, रात्रपाळीहून परतताना बस मिळत नाही, गावी जायचे तर पाच माणसांचे भाडे जड जाते. नवी गाडी आवाक्याबाहेर असते. म्हणून बहुतेक कष्टकरी कुटुंबे जुन्या गाड्यांच्या डीलरकडे वळतात. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र दोन-अडीच लाख रुपये ही आपल्या घरातली अनेक वर्षांची काटकसर असते आणि ती अर्ध्या तासाच्या गोड बोलण्यात हातची जाऊ शकते.

डीलर रोज गिऱ्हाइके पाहतो, आपण आयुष्यात एखाद-दुसरी गाडी घेतो. त्याचे बळ त्याच्या माहितीत आहे. तेवढी माहिती आपणही करून घेतली, तर भाव करताना आवाज चढवावा लागत नाही आणि कोणापुढे ओशाळावेही लागत नाही.

आधी घरात हिशेब

डीलरकडे जाण्यापूर्वी नवरा-बायकोने, घरात मिळवती मुले असतील तर त्यांनाही घेऊन, वहीत हिशेब मांडावा. गाडीची किंमत हा त्यातला फक्त पहिला आकडा. नाव बदलण्याचा खर्च, विमा आणि पहिली दुरुस्ती हे त्याच महिन्यात पुढे उभे राहतात. समजा, हाताशी २,६०,००० रुपये आहेत. दुरुस्तीला २५,००० आणि विम्याला ८,००० बाजूला ठेवले, थोडी रक्कम अडीअडचणीला राखली, तर गाडीची किंमत २,२०,००० च्या वर जाऊ देऊ नये. हा आकडा वहीत लिहावा आणि वही घरीच ठेवावी. डीलरला तो कळता कामा नये.

कर्ज घेणार असाल तर 'हप्ता किती परवडेल?' या प्रश्नाला उत्तर देऊ नका. हप्ता लहान दाखवायचा आणि मुदत वाढवायची, ही जुनी युक्ती आहे. व्याज सरळ आहे की घटत्या शिलकेवर, हे विचारा. २ लाख रुपये ३ वर्षांसाठी १० टक्के सरळ व्याजाने घेतले तर व्याज ६०,००० रुपये होते. तेच १० टक्के घटत्या शिलकेवर असतील तर साधारण ३२,००० होते. म्हणजे सरळ व्याजाचे १० टक्के हे खऱ्या हिशेबाने १८ टक्क्यांच्या जवळ जातात. डीलरने दाखवलेल्या कर्जाआधी आपली बँक, पतपेढी किंवा कामगार सोसायटीत चौकशी करावी.

तारखेची घाईही टाळावी. १४ एप्रिलला गाडी दारात हवी किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनाला स्वतःच्या गाडीने दीक्षाभूमीला जायचे, ही इच्छा चांगली आहे. पण ती डीलरपुढे बोलून दाखवू नये. आपल्याला घाई आहे हे कळले की भाव खाली येत नाही. शोध दोन महिने आधी सुरू करावा.

कागद काय सांगतात

गाडीच्या रंगाकडे पाहण्यापूर्वी आर.सी. मागावी. आर.सी.वरील चासी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरांशी स्वतः ताडून पाहावेत. गाडीचा नंबर घेऊन मुलाला किंवा मुलीला मोबाइलवर केंद्र सरकारच्या परिवहन संकेतस्थळावर बसवा. नोंदणीची तारीख, विम्याची मुदत आणि गाडीवर कर्जाचा बोजा आहे की नाही, हे तिथे दिसते. थकलेल्या दंडाची चलनेही पाहता येतात. गाडी चोरीची म्हणून नोंदलेली आहे का, हे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 'वाहन समन्वय' सेवेवर तपासता येते.

पुढील गोष्टींवर विशेष लक्ष ठेवावे :

१) वय. खाजगी मोटारीची नोंदणी पहिल्या दिवसापासून १५ वर्षे चालते. त्यानंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले. महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण करही भरावा लागतो. तेव्हा १३-१४ वर्षांची गाडी स्वस्त दिसली तरी पुढचा खर्च त्यात धरावा.

२) बोजा. आर.सी.वर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव असेल तर त्यांची एन.ओ.सी. आणि फॉर्म ३५ हवाच. 'कर्ज फिटले आहे, कागद नंतर देतो' यावर विश्वास ठेवू नये.

३) परराज्याची गाडी. दिल्ली परिसरात १० वर्षांवरील डिझेल आणि १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर २०१५ नंतर बंधने आली आणि तिकडच्या कितीतरी गाड्या इतर राज्यांत विक्रीला आल्या. अशा गाडीला मूळ आर.टी.ओ.ची एन.ओ.सी., म्हणजे फॉर्म २८, लागते. महाराष्ट्राचा रस्ता कर आणि नवा नंबर यांचा खर्च वेगळा. तो कोण करणार, हे आधीच ठरवावे.

४) गॅस किट. सी.एन.जी. बाहेरून बसवलेले असेल तर त्याची नोंद आर.सी.वर असली पाहिजे. टाकीची तपासणी दर ३ वर्षांनी व्हावी लागते. तिचे प्रमाणपत्र मागावे.

५) आधी टॅक्सी होती का? पिवळ्या पाटीची गाडी नंतर खाजगी करून विकली जाते. अशी गाडी काही वर्षांतच घरगुती गाडीच्या कितीतरी पट धावलेली असते.

६) डीलर स्वतः. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला परिवहन खात्याचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि मूळ मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची नोंदही करावी लागते. ते अधिकारपत्र दाखवायला सांगणे हा आपला हक्क आहे. डीलर ते टाळत असेल तर दुसरे दुकान पाहावे.

गाडी पाहावी ती दिवसा

रात्री दिव्यांखाली आणि पावसात प्रत्येक गाडी चकचकीत दिसते. सकाळी जावे आणि इंजिन आधी चालू करून ठेवू नका असे सांगावे. थंड इंजिन एका दमात सुरू होते का, हे तेव्हाच कळते. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी आत जात असण्याची शक्यता असते, आणि ती दुरुस्ती महागाची आहे.

किलोमीटरचा आकडा मागे फिरवता येतो, म्हणून एकट्या आकड्यावर जाऊ नये. गाडी ३५,००० किलोमीटर चाललेली म्हणतात आणि ब्रेकच्या पायपट्टीचे रबर झिजून गुळगुळीत झाले आहे, स्टिअरिंग चकाकते आहे, ड्रायव्हरची सीट खचली आहे, तर गाडीच खरे बोलते. कंपनीच्या वर्कशॉपची सर्व्हिस बिले मागावी. त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात.

पुरातली गाडी ओळखणे आपल्याकडे फार महत्त्वाचे आहे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकायला येतात. सीटखालचे गालिचे उचलून पाहावेत, सीटच्या पट्ट्यांना गंज आहे का ते पाहावे, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाच्या डागाची रेघ आहे का ते बघावे. पुरातल्या गाडीची वायरिंग आज चालते आणि सहा महिन्यांनी दगा देते.

दरवाजांच्या फटी सारख्या नसतील किंवा एकच काच वेगळ्या कंपनीची असेल, तर गाडीला मार बसलेला असू शकतो. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. '१८२१' म्हणजे २०२१ सालचा १८ वा आठवडा. जाळी जाड दिसली तरी सात-आठ वर्षांचा टायर बदलावाच लागतो.

आणि सर्वांत मोलाचे : ओळखीचा मिस्त्री बरोबर न्यावा. आपल्या वस्तीत गॅरेजमध्ये काम करणारी मुले असतात. त्यांच्या अर्ध्या दिवसाची मजुरी आग्रहाने द्यावी. त्यांच्याकडून प्रत्येक दोषाचा खर्च कागदावर लिहून घ्यावा. हाच कागद पुढे भाव बोलताना कामी येतो.

भाव बोलताना

त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या निदान तीन गाड्यांचे भाव आधी काढावेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. त्याआधीचे जुन्या गाडीचे भाव आता धरू नयेत. मग बोलायला बसावे. बोलणी साधारण अशी चालतात :

"बोला ताई, तुमचं बजेट किती?"

"बजेट राहू द्या, शेठ. नाव बदलून, सगळ्या खर्चासकट गाडी कितीला देता ते सांगा."

"अडीच लाख. तुम्ही घरचे म्हणून."

"आमच्या मिस्त्रींनी पाहिलीय. दोन टायर ८,०००, बॅटरी ५,०००, क्लच ९,०००, ब्रेक ३,०००. पंचवीस हजारांचं काम आहे. अशीच गाडी दुसरीकडं कमी भावात आहे. आम्ही दोन लाख देऊ."

"अहो दादा, ताईंना समजवा. दोन लाखांत कुठं गाडी येते? दोन अडतीस."

"त्या बोलल्या तेच माझं म्हणणं."

"बरं, दोन तीस. उद्या दुसरं गिऱ्हाईक घेऊन जाईल."

"घेऊ द्या की. आमचा नंबर लिहून ठेवा."

आणि खरोखर उठावे. उठणे ही या सगळ्या बोलण्यातली सर्वांत मोठी ताकद आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन आला आणि २,२०,००० मध्ये नावासकट गाडी मिळाली, तर वहीतला आकडा जमला. नाही आला, तर दुसरी गाडी आहेच.

काही डीलर शेवटी 'वर १८ टक्के जीएसटी' म्हणतात. २,२०,००० वर तो ३९,६०० होईल. पण जुन्या गाडीवरचा हा कर डीलरच्या खरेदी आणि विक्रीतील फरकावर असतो. त्याने गाडी २ लाखांना घेतली असेल तर कर २०,००० वर, म्हणजे ३,६०० रुपये. पक्के बिल मागितले की हा विषय बहुधा मिटतो.

कपडे पाहून, बोली ऐकून 'ही गाडी तुम्हाला झेपायची नाही' असे म्हणणारेही भेटतात. ते ऐकून हट्टाने जास्त पैसे मोजू नयेत. आपला पैसा घामाचा आहे आणि तो कोणाला द्यायचा हे आपण ठरवायचे.

पैसे देताना आणि दिल्यावर

टोकन कागद तपासल्यावरच द्यावे. पावतीवर गाडीचा नंबर, चासी नंबर, ठरलेली किंमत, नाव बदलण्याचा खर्च कोणाचा आणि व्यवहार मोडल्यास टोकन परत मिळेल की नाही, हे लिहून घ्यावे. पैसे चेकने किंवा बँकेतून द्यावेत. एका व्यवहारात २ लाख किंवा जास्त रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही.

फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या समोर घ्याव्यात. कोऱ्या कागदावर आपण सही करू नये. मोटार वाहन कायद्याप्रमाणे घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलण्यासाठी अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावा. नाही तर आपल्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, हे धरून चालावे.

आपली जुनी गाडी विकणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की, आर.सी.वर ज्याचे नाव, तोच भरपाईला जबाबदार. त्या खटल्यातली गाडी पुढे अनेक हातांत गेली होती, पण अपघाताची भरपाई नोंदीतल्या मालकावर आली.

एवढे करूनही फसवणूक झालीच तर गप्प बसू नये. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर मार्गदर्शन मिळते. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि ती स्वतः मांडता येते. त्यासाठी पावती, बिल, बँकेची नोंद आणि मिस्त्रीचा कागद एका पिशवीत जपून ठेवावा. घरातल्या शिकलेल्या मुलीकडे ही पिशवी सोपवली तर उत्तम. गाडीची किल्ली कोणाकडेही असो, कागद मात्र वाचणाऱ्याच्या हाती असावेत.