अर्ध्या वाट्याची राखण

सातपूरच्या श्रमिकनगर, अशोकनगर भागातली बाई सकाळी दोन घड्याळं सांभाळते. एक कंपनीच्या पाळीचं, दुसरं नळाच्या पाण्याचं. पाणी आलं नाही, गटार तुंबली, कोपऱ्यावरचा दिवा गेला, की तिला मुंबई-दिल्ली आठवत नाही. आठवतो तो नगरसेवक. आणि आता बऱ्याचदा आठवते ती नगरसेविका!

मैत्रिणींनो, हा बदल आपोआप नाही झाला. तो कायद्याने झाला, आणि कायदा कागदावरून मतदान केंद्रापर्यंत नेण्याच्या कामावर तेव्हा एक बाई होती. नीला सत्यनारायण.

५ फेब्रुवारी १९४९ चा त्यांचा जन्म. १९७२ साली त्या भारतीय प्रशासकीय सेवेत आल्या. गृह, वन, समाजकल्याण, ग्रामविकास अशा कितीतरी खात्यांत त्यांनी काम केलं. २००९ मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयुक्त झाल्या. या पदावर बसलेली ही पहिली महिला. २०१४ पर्यंत ही जबाबदारी त्यांच्याकडे होती.

हे पद नेमकं कशाचं? लोकसभा-विधानसभेची निवडणूक दिल्लीचा आयोग घेतो. पण ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, नगरपालिका, महापालिका या आपल्या दाराशी येणाऱ्या निवडणुका राज्याचा आयोग घेतो. प्रभागाच्या हद्दी, मतदारयाद्या, आरक्षणाची सोडत, आचारसंहिता, उमेदवाराच्या खर्चाचा हिशोब, सगळं त्याच्या देखरेखीखाली.

त्यांच्याच कारकिर्दीत, २०११ मध्ये, महाराष्ट्रानं स्थानिक संस्थांतलं महिलांचं आरक्षण ३३ वरून ५० टक्क्यांवर नेलं. निर्णय सरकारचा, कायदा विधिमंडळाचा. पण पुढच्याच वर्षी तो प्रत्यक्षात उतरवायचा होता. १६ फेब्रुवारी २०१२ रोजी मुंबई, पुणे, नागपूर, नाशिकसह दहा महापालिकांचं मतदान झालं. नाशिकच्या १२२ जागांपैकी ६१ महिलांसाठी होत्या. सातपूर एकेकाळी स्वतंत्र नगरपालिका होती. १९८२ मध्ये ती नाशिक महापालिकेत आली. त्या सातपूरच्या बाईलाही महापालिकेच्या सभागृहाचं दार आता निम्मं उघडं झालं.

सोडतीची चिठ्ठी उघडते आणि प्रभाग 'महिला राखीव' निघतो, तेव्हा बऱ्याच घरांत काय होतं, ते आपण पाहतोच. कालपर्यंत तयारी करणारे भाऊ, बायकोचे फोटो काढायला पळतात. फलकावर तिचा फोटो लहान, ह्यांचा मोठा! निवडून आल्यावर सही तिची आणि कारभार ह्यांचा. आयोग खुर्ची राखून देऊ शकतो, पण त्या खुर्चीवर बसून बोलायचं धाडस सोडतीतून कसं निघणार? ते आपलं आपल्यालाच गोळा करावं लागतं.

नीलाताईंना घर आणि कचेरी यांची ओढाताण पुस्तकातून शिकावी लागली नाही. विशेष मुलाची आई म्हणून केलेला प्रवास त्यांनी 'एक पूर्ण अपूर्ण' या पुस्तकात मोकळेपणानं लिहिला. एवढं सांभाळून त्या कविताही लिहीत होत्या. घरातलं दुःख झाकून न ठेवता त्यांनी नोकरी केली, हे मला त्यांच्या कुठल्याही पदाहून मोठं वाटतं. १६ जुलै २०२० रोजी करोनानं त्यांना नेलं.

निवडणूक वेळेवर होण्याची किंमत नाशिककरांना पुढं कळली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. मतदान झालं ते थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाकडे होता. अधिकारी कितीही चांगला असला, तरी सकाळी सातला हंडा घेऊन त्याच्या दारात कुठे जाणार? नगरसेविकेच्या दारात मात्र जाता येतं.

म्हणून आता एक करू या. आपल्या प्रभागात बाई निवडून आली असेल, तर तक्रार घेऊन तिच्याकडेच जाऊ. समोर 'ह्यांनी' खुर्ची ओढली, तरी नम्रपणे म्हणू, "दादा, आम्हाला ताईंशीच बोलायचंय." चार बायका असं म्हणाल्या, की पाचव्या वेळी ताई स्वतःहून बाहेर येतील.