अपघात विभागातील नवी परिचारिका

रुग्णालयातील इतर विभाग आणि अपघात विभाग यांत एक मोठा भेद आहे. वॉर्डात रोगी येतो तेव्हा त्याच्याबरोबर निदान येते, कागद येतात, खाट ठरलेली असते. अपघात विभागाच्या दारात रोगी नुसता येतो. त्याला काय झाले आहे, हे पुष्कळदा त्यालाही सांगता येत नाही. अशा वेळी त्याच्यापाशी प्रथम पोचणारे माणूस बहुधा परिचारिका असते. म्हणून तिला हे काम कोण शिकवतो आणि कसे शिकवतो, हा प्रश्न केवळ तिचा नव्हे. तो तुमचाआमचा आहे.

आपल्या खानदेशात या दारात काय काय येते ते पाहा. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी मध्यरात्रीच्या सुमारास यावल तालुक्यात किनगावजवळ पपईचा ट्रक उलटला आणि त्यावर बसून घरी निघालेले १५ मजूर दगावले. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोऱ्याजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेले प्रवासी समोरून येणाऱ्या गाडीखाली सापडले. किमान १२ जणांनी प्राण गमावले. धुळ्यावरून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता तर बारा महिने जखमी पाठवीतच असतो. शिवाय कपाशीत काम करताना साप चावलेली बाई, फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेला सालदार, आणि मे महिन्यात भुसावळच्या उन्हात कोसळलेला हमाल. ही सारी कष्टकरी माणसे आहेत. मी कामगार चळवळीतला माणूस. या विषयाकडे वळलो तो याच वाटेने.

परिचारिका तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम किंवा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम पुरा करून येते. तिला शरीराची रचना ठाऊक असते, औषधे ठाऊक असतात. पण वॉर्डातले ज्ञान एकेका रोग्याभोवती उभे असते. इथे दहा रोगी एकदम येतात आणि प्रत्येकाचे नातेवाईक ‘आधी आमचा’ म्हणतात. तेव्हा पहिला धडा औषधाचा नव्हे, क्रमाचा असतो.

हा क्रम लावण्याची पद्धत नेपोलियनच्या सैन्यातील शल्यवैद्य लारे याने रुजवली. सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेची गंभीरता पाहायची, हा त्याचा नियम. आज त्यालाच रंगांची भाषा आली आहे: लाल म्हणजे तत्काळ, पिवळा म्हणजे थोडा थांबू शकेल असा, हिरवा म्हणजे चालता-बोलता, आणि काळा म्हणजे ज्याला वाचवणे आता शक्य नाही असा. नव्या परिचारिकेला सांगावे लागते की, जो ओरडतो आहे त्याचा श्वास निदान चालू आहे. कोपऱ्यात गप्प पडला आहे त्याच्याकडे आधी जा. मग त्याची श्वासाची वाट मोकळी आहे का, श्वास पुरेसा आहे का, नाडी लागते का, रक्त कुठून वाहते आहे, ही तपासणी याच क्रमाने करावयाची. मोडलेला पाय दिसायला भयंकर असतो, पण बहुधा आधी जीव घेतो तो कोंडलेला श्वास.

दुसरा धडा आपल्या मातीचा. सर्पदंशाच्या रोग्याचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवायचे. ते गोठले नाही तर घोणस किंवा फुरसे यांचे विष अंगात भिनले आहे असे समजावे. नळी साबणाने धुतलेली असेल तर हा निष्कर्ष फसतो. मण्यारीचा दंश तर पुष्कळदा दुखतही नाही; तिथे पापण्या जड होतात का आणि श्वास मंदावतो का, हे पाहत राहावे लागते. प्रतिविष चढवताना त्याचीच उलट प्रतिक्रिया येऊ शकते, म्हणून ॲड्रेनॅलिन आधीच हाताशी हवे. फवारणीच्या विषावर ॲट्रोपिन देतात. ते पुरेसे झाले की नाही हे छातीतला ओलावा, घाम आणि नाडी पाहून ठरते, आणि हे पाहणे सारी रात्र चालते. उष्माघातात तापाची गोळी कामाची नाही; अंग भिजवून वारा घालणे हाच उपाय.

हे सारे पुस्तकात आहे. पण पुस्तक वाचून हात चालत नाही. जुने गिरणी कामगार सांगत की, नव्या माणसाला पहिल्या दिवशी कोणी साचे सोपवीत नसे. तो जाणत्या विणकराशेजारी उभा राहून तुटलेला धागा जोडायला शिके. कापडाच्या बाबतीत जी काळजी घेतली जाई, ती माणसाच्या जिवाच्या बाबतीत घेऊ नये काय? नव्या परिचारिकेला काही आठवडे एका ठरावीक अनुभवी सिस्टरबरोबरच पाळी द्यावी. त्या काळात तिची गणती पाळीच्या संख्याबळात करू नये. कारण ती मोजली गेली की शिकणे संपते आणि भरती सुरू होते. डॉक्टरने तोंडी सांगितलेले औषध व मात्रा तिने मोठ्याने परत म्हणून दाखवावी, मगच द्यावी. प्रत्येक पाळीच्या आरंभी तातडीच्या औषधांची ट्रॉली स्वतः तपासावी. अपघाताची रंगीत तालीम अधूनमधून व्हावी. आणि एखादे लेकरू हातात गेले, तर त्या रात्रीनंतर परिसेविकेने तिला बसवून बोलते करावे. न बोललेले दुःख माणसाला नोकरी सोडायला लावते, आणि एक शिकलेला हात आपण गमावतो.

अडचण आहे ती माणसांची. जागा रिकाम्या असल्या की शिकवणारी सिस्टरच चार जणींचे काम करते. ती शिकवणार केव्हा? जुलै २०२५ मध्ये राज्यातील शासकीय परिचारिकांनी कंत्राटी भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा पुष्कळांना तो केवळ पगाराचा तंटा वाटला. पण शिकलेले माणूस टिकले नाही तर नव्याला शिकवणारे उरत नाही, हे त्यामागचे मर्म आहे. धुळ्यात १९८८ पासून आणि जळगावात २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा शिक्षणाची जागा आपल्या दारात आहे. हवी आहेत ती माणसे आणि ठरवून दिलेला वेळ. ही मागणी परिचारिकांच्या संघटनेने करावी, तशीच ती नागरिकांनीही करावी.

आणि आपल्या हाती असलेली एक गोष्ट. आपल्यानंतर आलेल्याला आधी आत नेले, तर तो अन्याय समजू नका. रुग्णालयात मारहाण केल्यास २०१० च्या राज्याच्या कायद्याने शिक्षा आहेच. पण कायद्यापेक्षा समज मोठी. ज्या दिवशी आपल्या रोग्याला मागे ठेवले जाते, त्या दिवशी त्याचा जीव तितका धोक्यात नाही, एवढाच त्याचा अर्थ असतो. हे समजून बाकावर शांत बसणारा नातेवाईक त्या नव्या मुलीच्या शिक्षणाला हातभारच लावत असतो.