साचा एक, मागण्या अनेक!

मुंबई-नाशिक महामार्गावरील मानकोली हे नाव आता गोदामांशी कायमचे जोडले गेले आहे. मुंबईच्या जकात हद्दीबाहेर, तरीही शहरापासून हाकेच्या अंतरावर, या सोयीमुळे भिवंडी तालुक्यात गोदामे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन जकात इतिहासजमा झाली, तरी हा पसारा वाढतच राहिला. गोदामाची जागा भाड्याने द्यायची असो वा वाहतुकीचे कंत्राट मिळवायचे असो, मोठ्या कंपनीच्या अधिकाऱ्यांपुढे आता प्रेझेंटेशन करावेच लागते. त्यासाठी डिझायनरकडून टेम्प्लेट, म्हणजे तयार साचा, बनवून घेतला जातो. वादाची ठिणगी बहुधा येथेच पडते. 'पैसे मोजले, मग अक्षर बिघडले कसे?' असा ग्राहकाचा सवाल असतो, तर 'हे साच्याच्या हाती नाही' असे डिझायनरचे उत्तर. या ओढाताणीत डिझायनरचे उरलेले पैसे अडकतात आणि ग्राहकाची ऐन बैठकीत फजिती होते. म्हणूनच साचा नेमके काय करतो, हे दोघांनीही समजून घेतलेले बरे.

गोदामातील रॅकसारखा साचा

पॉवरपॉइंट हे सॉफ्टवेअर १९८७ साली प्रथम मॅकिंटॉश संगणकासाठी आले आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनविणारी कंपनी विकत घेतली. आजच्या साच्याची रचना तीन पायऱ्यांची आहे. सर्वांत वर 'स्लाइड मास्टर', त्याखाली निरनिराळे 'लेआउट' आणि शेवटी प्रत्यक्ष स्लाइड. मास्टरवर बोधचिन्ह बसवले, की ते खालच्या स्लाइडवर आपोआप उमटते. मजकूर, चित्र, आलेख यांच्यासाठी लेआउटमध्ये जागा राखून ठेवलेल्या असतात.

गोदामातील रॅकचेही असेच असते. खणाची उंची ठरवून रॅक उभारले जातात. नंतर त्याहून उंच खोका आला, तर दोष रॅकचा नसतो. सहा ओळींच्या जागेत वीस ओळी कोंबल्या, की सॉफ्टवेअर अक्षर लहान करत जाते. शेवटच्या रांगेतील माणसाला मग काहीच वाचता येत नाही.

रंग आणि जुन्या फाइली

साच्याच्या रंगसंगतीत बारा जागा असतात : चार मजकूर व पार्श्वभूमीसाठी, सहा ठळक रंगांसाठी आणि दोन लिंकसाठी. सॉफ्टवेअरमध्येच काढलेला आलेख हे रंग उचलतो. मात्र चित्र म्हणून चिकटवलेल्या आलेखाला ते लागू होत नाहीत. शिवाय साचा सूचना देतो, सक्ती करत नाही. एखाद्या कर्मचाऱ्याने शीर्षक हाताने लाल केले, तर मास्टर बदलूनही ते लालच राहते.

आणखी एक गैरसमज जुन्या फाइलींबाबत असतो. नवा साचा तयार झाला म्हणून गेल्या वर्षीचे प्रेझेंटेशन आपोआप बदलत नाही, कारण प्रत्येक फाइल साच्याची स्वतंत्र प्रत जवळ बाळगते. मागावर नवी डिझाइन चढवली म्हणून आधी विणलेल्या ताग्याची नक्षी बदलत नाही, हे भिवंडीकरांना वेगळे सांगायला नको. पूर्वीच्या चारास तीन प्रमाणाच्या स्लाइड सोळास नऊ या रुंद प्रमाणात नेल्या, तरीही मांडणी बहुधा हाताने सावरावी लागते.

मराठी अक्षरांचा घोळ

मराठी मजकूर असेल तर अडचण दुणावते. फॉण्ट साच्यात नव्हे, संगणकात असतो. कार्यालयात सुबक दिसणारे अक्षर ग्राहकाच्या संगणकावर नसेल, तर त्याजागी दुसरेच अक्षर येते आणि ओळी तुटतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉण्टमध्ये तर मराठीऐवजी अगम्य चिन्हेच उमटतात. युनिकोड फॉण्ट वापरणे, परवाना मुभा देत असेल तर तो फाइलमध्येच अंतर्भूत करणे आणि बैठकीसाठी पीडीएफ प्रत जवळ ठेवणे, हे त्यावरचे उपाय. मुंबईच्या एक टाइप संस्थेचा 'मुक्त' हा देवनागरी फॉण्ट मोफत मिळतो. सॉफ्टवेअर बदलले, तरीही मांडणी थोडीफार हलते, हे गृहीत धरावे.

आधी बोलणे, मग काम

यावर तोडगा संगणकात नाही, बोलण्यात आहे. काम हाती घेतानाच लेआउट किती, कोणते सॉफ्टवेअर, कोणता फॉण्ट, पडद्याचे प्रमाण काय आणि दुरुस्तीच्या फेऱ्या किती, हे लेखी ठरवावे. नमुन्याच्या स्लाइडवर ग्राहकाचा खरा मजकूर टाकून त्याच्याच संगणकावर दाखवावा. 'होणार नाही' असे तोडून सांगण्यापेक्षा 'असे केले तर असे होईल' हे दाखवलेले ग्राहकाला लवकर पटते. ग्राहकानेही साचा वापरणाऱ्या कर्मचाऱ्यांना तासभर प्रशिक्षण देण्याची तयारी ठेवावी.

कोलंबिया अंतराळयानाच्या २००३ मधील दुर्घटनेच्या चौकशी मंडळाने तांत्रिक अहवालांऐवजी स्लाइडवर विसंबण्याच्या सवयीवर बोट ठेवले होते. मानकोलीतील व्यवहार तेवढे जीवघेणे नसतील. पण साचा नेटका असला म्हणून मुद्दा नेटका होत नाही, हा धडा येथेही तितकाच लागू पडतो. रॅक कितीही भक्कम असले, तरी त्यावर माल कोणता आणि कसा ठेवायचा, हे शेवटी गोदामवाल्यालाच ठरवावे लागते.