पाण्यातील सोनचाफा : वसईच्या फुलबागायतदारांना एक घरगुती जोडधंदा

वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील वाड्या पिढ्यान् पिढ्या केळी, पानवेल आणि फुले यांसाठी प्रसिद्ध आहेत. निर्मळ, वाघोली, नाळे, भुईगाव, आगाशी या बाजूला फिरणाऱ्यास विहिरीच्या पाण्यावर जोपासलेले मोगरा, तगर, जास्वंद आणि सोनचाफा यांचे ताटवे आजही दिसतात. येथील फुले पहाटे तोडली जातात आणि उजाडण्यापूर्वीच आगगाडीने दादरच्या बाजाराकडे निघतात. इतकी घाई करण्याचे कारण उघड आहे. भाजी एखादा दिवस थांबते, धान्य वर्षभर थांबते; फूल मात्र दुपारपर्यंतही थांबत नाही.

सोनचाफ्याच्या बाबतीत तर ही अडचण विशेष जाणवते. सकाळी अर्धवट उमललेली सोनेरी कळी संध्याकाळी मलूल होते आणि दुसऱ्या दिवशी तिच्या पाकळ्या गळू लागतात. गणेशोत्सव, नवरात्र आणि दिवाळी या दिवसांत तिला चांगला भाव मिळतो. परंतु मध्येच पितृपक्ष आला की मागणी घटते. झाडाला मात्र पंचांग ठाऊक नसते. ते फुलतच राहते. २०२० सालच्या टाळेबंदीत आगगाड्या व बाजार बंद झाले, तेव्हा बहरलेली फुले झाडावरच सोडून देण्याची पाळी अनेक फुलबागायतदारांवर आली. एकाच बाजारावर आणि एकाच सकाळीवर विसंबून राहण्यातील धोका त्या वर्षाने सर्वांना दाखवून दिला.

या धोक्यावर संपूर्ण तोडगा म्हणून नव्हे, तर त्याचा भार थोडा हलका करणारा उपाय म्हणून एका जुन्या घरगुती कलेकडे लक्ष वेधणे योग्य होईल. ती कला म्हणजे सोनचाफ्याचे फूल काचेच्या बाटलीत पाण्याखाली बुडवून ठेवणे.

सोनचाफाच का ?

सर्वच फुले पाण्याखाली शोभत नाहीत. तांबड्या गुलाबाचा रंग पाण्यात विरघळणाऱ्या जातीचा असल्याने तो हळूहळू पाण्यात उतरतो आणि फूल फिके पडते. मोगऱ्याच्या पाकळ्या नाजूक. त्या लवकरच तपकिरी पडतात. झेंडूचा रंग पक्का असला तरी त्याच्या दाट पाकळ्यांत हवा अडकून राहते, त्यामुळे तो तरंगतो व आतून कुजू लागतो.

सोनचाफ्याचा सोनेरी रंग गाजराच्या रंगाच्या जातीचा आहे. तो पाण्यात विरघळत नाही. पाकळ्या जाड, लांबट व सुट्या असल्याने त्यांच्यामधील हवा सहज काढून टाकता येते. शिवाय गोल बाटलीत भरलेले पाणी भिंगासारखे काम करते आणि फूल मूळ आकारापेक्षा मोठे दिसते. अरुंद तोंडाच्या बाटलीत एवढे मोठे फूल गेले कसे, असे कोडे पाहणाऱ्यास पडते. प्रत्यक्षात आत गेलेली असते ती अर्धोन्मीलित कळी. याच कोड्यात या वस्तूचे आकर्षण आहे.

फुलाची निवड

बियांपासून वाढविलेल्या चाफ्यास फुलण्यास सात-आठ वर्षेही लागतात आणि झाड उंच झाल्याने तोडणी अवघड होते. कलमी झाडे लवकर फुलतात आणि छाटणी करून हाताच्या उंचीवर राखता येतात. बाटलीसाठी अशी ठेंगणी झाडे सोयीची. कारण फूल न चुरगळता, देठासह, हाताने खुडता येते. फांदी हलवून पाडलेले फूल या कामास मुळीच चालत नाही. ज्या ठिकाणी पाकळी दाबली जाते, त्याच ठिकाणी प्रथम काळा डाग पडतो.

पहाटे, कळी नुकतीच सैल होऊ लागली असता तोडणी करावी. कीड लागलेले, पाकळीवर ठिपका असलेले किंवा पूर्ण उमललेले फूल बाजूला काढावे. बाजारातून परत आलेले शिळे फूल बाटलीत घालण्याचा मोह टाळावा. पाणी चांगल्या फुलास काही काळ जपते. बिघडलेल्या फुलास ते सुधारीत नाही. यास्तव भाव पडण्याची चिन्हे दिसताच त्या सकाळच्या तोडणीतील काही उत्तम फुले प्रथमच या कामासाठी वेगळी काढावीत.

करण्याची रीत

फूल कुजते ते सूक्ष्म जंतूंमुळे. पाणी, बाटली, हात आणि फुलावरील धूळ या चारही वाटांनी जंतू आत शिरतात. म्हणून या कामात स्वच्छतेस पहिले स्थान आहे.

पाणी वीस मिनिटे उकळावे. त्यामुळे जंतू मरतात आणि पाण्यात मिसळलेली हवाही निघून जाते. ते झाकून पूर्णपणे थंड होऊ द्यावे. कोमट पाण्यानेही पाकळ्या शिजल्यासारख्या होतात. थंड पाण्यात तुरटीचा लहान खडा फिरवावा व पाणी रात्रभर स्थिर ठेवावे. तुरटीने पाणी किंचित आम्ल होते आणि जंतूंची वाढ मंदावते. गाळही तळाशी बसतो. सकाळी वरचे नितळ पाणी तेवढे वापरावे. समुद्राजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ झाले आहे. अशा पाण्याऐवजी साठविलेले स्वच्छ पावसाचे पाणी घ्यावे.

बाटली व झाकण उकळत्या पाण्याने धुऊन उपडी ठेवावीत. काच तडकू नये म्हणून ती आधी कोमट पाण्यात बुडवून घ्यावी. फूल उकळून थंड केलेल्या पाण्यात हलकेच दोनदा बुडवून काढावे, देठाचे टोक धारदार सुरीने कापावे आणि कळी देठाच्या बाजूने बाटलीत सोडावी. नंतर बाटली काठोकाठ भरावी. ती तिरपी करून बोटाने टिचक्या माराव्यात, म्हणजे पाकळ्यांतील बुडबुडे वर येतात. पुन्हा पाणी भरून, आत हवा न ठेवता झाकण घट्ट लावावे आणि वरून वितळलेले मेण ओतावे. बाटली उन्हात ठेवू नये. प्रखर उजेडाने रंग उडतो.

समुद्रकिनारी सापडणारे शिंपले शोभेसाठी बाटलीत टाकावेत असे कोणासही वाटेल. परंतु शिंपला चुनखडीचा असतो. तो तुरटीची आम्लता नाहीशी करतो आणि पाणी गढूळ होते. देठास वजन हवे असल्यास काचेची गोटी दोऱ्याने बांधावी. लोखंडी तार गंजून पाणी तांबूस करते.

आधी प्रयोग, मग विक्री

नवे बियाणे जसे प्रथम लहान वाफ्यात पेरून पाहतात, तसेच येथेही करावे. दहा-बारा बाटल्या भराव्यात. काहींत तुरटी कमी, काहींत अधिक, तर दोनमध्ये नुसते उकळलेले पाणी ठेवावे. प्रत्येकीवर तारीख व प्रमाण लिहावे आणि दर आठवड्यास पाणी गढुळले का, पाकळी काळवंडली का, याची नोंद ठेवावी. दोन-तीन महिन्यांच्या नोंदीवरून आपल्या विहिरीच्या पाण्यास व आपल्या फुलास कोणते प्रमाण मानवते हे कळून येईल. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी प्रात्यक्षिके महिला बचत गटांच्या बैठकीतच करून दाखवावीत.

हिशेब मांडताना फूल फुकटचे धरू नये. फुलाचा त्या दिवशीचा भाव, बाटली, मेण, सरपण आणि माणसाचा वेळ हे सर्व खर्चात घ्यावे. बिघडणाऱ्या बाटल्याही खर्चातच धराव्यात. एवढे करून काही उरत असेल तरच काम वाढवावे.

समारंभाची सजावट

लग्नकार्यात मेजावर उंच काचपात्रात बुडविलेली फुले ठेवण्याची पद्धत आता रूढ होत आहे. ही सजावट एक-दोन दिवसांचीच असल्याने तीत ऑर्किड व अँथुरियमसारखी मेणचट पाकळ्यांची फुलेही चालतात. मात्र उघड्या पात्रात एक धोका असतो. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यू पसरविणारा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात. म्हणून समारंभ संपताच पात्र रिकामे करून, आतून घासून, कोरडे करावे. घरी ठेवलेल्या उघड्या पात्राचे पाणी एक दिवसाआड बदलावे. मेणबंद बाटलीस हे भय नाही.

काही ठिकाणी कापडी किंवा प्लास्टिकची फुलेही पाण्यात ठेवली जातात. कापडी फुलाचा कच्चा रंग पाण्यात उतरतो व आतील तार गंजते. प्लास्टिकचे फूल टिकते हे खरे. पण टाकून दिल्यावरही ते टिकूनच राहते, आणि त्याच्या खपाने वाडीवाल्याच्या फुलाची जागा जाते. खरे व कृत्रिम फूल एकत्र मिसळून खरे म्हणून विकणे तर सर्वथा गैर होय.

विश्वास हेच भांडवल

बाटलीवर भरल्याची तारीख आणि ‘पिण्यासाठी नाही’ ही सूचना ठळक अक्षरांत असावी. ‘कायम टिकणारे फूल’ असे सांगून विकू नये. आपल्या नोंदीत फूल जितके दिवस चांगले राहिले, तितकेच दिवस ग्राहकास सांगावेत. सुगंध बाटलीबाहेर येत नाही, हेही लपवू नये.

या जोडधंद्याने बागेतील सर्व फुले खपतील असे नाही. दादरचा बाजार हाच मुख्य आधार राहील. परंतु ज्या सकाळी भाव पडतो, त्या सकाळी टोपलीतील काही फुले उकिरड्यावर न जाता कुणाच्या घरातील फळीवर जाऊन बसतील आणि पहाटे उठून ती खुडणाऱ्या हातांना त्यांचे मोल मिळेल. वसईच्या वाड्यांतून हा प्रयोग येत्या बहरातच दहा बाटल्यांनी सुरू व्हावयास काहीच हरकत नाही.