मोजून वाढलेलें अन्न

अन्न नासलें तर नाकास कळतें, आंबलें तर जिभेस कळतें. परंतु किरणोत्सर्गी सीझियमला ना वास, ना चव. ११ मार्च २०११ रोजीं जपानांत भूकंप व त्सुनामी होऊन फुकुशिमाच्या अणुवीजकेंद्रांत स्फोट झाले, आणि हें द्रव्य शेतांवर व रानांवर पडलें. मग मुलाला घरचा भात वाढावा कीं न वाढावा? सरकारी ग्वाहीवर अनेकांचा विश्वास उरला नव्हता. म्हणून त्याच वर्षीं नोव्हेंबरांत इवाकी शहरांतील मातांनीं पुढाकार घेऊन ‘ताराचिने’ ही मापनशाळा काढली. तेथें लोक घरचा भाजीपाला, अंगणांतील माती तपासून घेऊं लागले.

शेतकरीहि स्वस्थ बसले नाहींत. जमिनींत पोटॅश भरपूर असलें म्हणजे पीक सीझियम कमी शोषतें, हें जाणून त्यांनीं तसें खत घातलें. एप्रिल २०१२ पासून सामान्य अन्नास किलोमागें १०० बेकरेल, म्हणजे सेकंदास १०० परमाणूंचा भंग, ही मर्यादा ठरली. त्या वर्षाच्या पिकापासून प्रांतांतील तांदुळाचें प्रत्येक पोतें यंत्राखालून जाऊं लागलें. २०१५ च्या पिकांत मर्यादेबाहेरचें एकहि पोतें निघालें नाहीं. रानांतील अळंबीं मात्र पुष्कळ ठिकाणीं अद्याप वर्ज्य आहेत, कारण सीझियम-१३७ निम्में होण्यास सुमारें ३० वर्षें लागतात.

शेतकऱ्याच्या शब्दाला उघड्या आंकड्याची जोड मिळाली, तेव्हांच गृहिणीच्या मनांतील शंका हळूहळू फिटूं लागली.