डोंबिवली-ठाण्याच्या वाचकांनो, हे खेळून वाचा

ठाण्यात २०१० आणि डोंबिवलीत २०१७ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. आपल्या पट्ट्यात इतकी वाचणारी माणसं आहेत, म्हणून ही पोस्ट. खेळून वाचायचं साहित्यही असतं, आणि ते अस्सल असतं!

सुरुवात 'पॅसेज'पासून करा. जेसन रोहरर यांचा २००७ सालचा हा गेम पाच मिनिटांत संपतो. १०० बाय १६ पिक्सेलची चिंचोळी पट्टी, त्यात ठिपक्यांचा एक माणूस. वाटेत एक बाई भेटते. जवळ गेलात की ती कायमची सोबत येते. मग मात्र अरुंद वाटांतून दोघांना शिरता येत नाही, तिथल्या खजिन्याच्या पेट्या हुकतात. केस पिकतात, आधी ती जाते, नंतर तुमची चाल मंदावते. संवाद एकही नाही, तरी मला अख्खा संसार वाचल्यासारखं वाटलं. पेट्यांची हळहळ अजिबात वाटली नाही. न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयाने २०१२ साली हा गेम आपल्या संग्रहात घेतला.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी' (२०२०) मारामारीचा आहे, पण त्यातल्या पुराणकथा सांगणाऱ्या भित्तिचित्रांपाशी मी जास्त रेंगाळलो. वापीजवळचा स्टुडिओ ओलिओमिंगसही बघाच. त्यांच्या गेममध्ये विचित्र वस्तूंच्या दालनांतून फिरत गोष्टी वाचायच्या असतात.

स्वतः लिहायचंय? 'ट्वाइन' हे अशा गोष्टी लिहायचं साधन मोफत आहे, ब्राउझरमध्ये चालतं, देवनागरीही घेतं. फास्ट लोकल पकडायची की स्लो, एवढ्यावरच डोंबिवली स्टेशनात कथेला दोन फाटे फुटतील. कुणी लिहिलीत तर मला नक्की पाठवा.